वहिनी, भाऊजी आणि मानेतली शीर

आमच्या मावशीच्या घरी दोन विषय काढायचे नसतात. एक, गावच्या घराच्या वाटणीत गेलेली आंब्याची झाडं. दुसरा, तिच्या मानेतल्या शिरा. पहिला वाद वकिलांनी मिटवला. दुसरा कितीतरी वर्षं चालूच आहे, कारण त्यातला प्रतिपक्ष दर रविवारी सकाळी नाश्त्याला घरी येतो.

प्रतिपक्ष म्हणजे मावशीचे धाकटे दीर. मी त्यांना डॉक्टरकाका म्हणते. ते रेडिऑलॉजिस्ट आहेत, पण नुसत्या फिल्मा वाचणारे नव्हेत. जांघेत टोचून बारीक नळी आत सारायची आणि शरीरातल्या हव्या त्या रक्तवाहिनीपर्यंत पोचायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. मावशीला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मेंदूच्या चेतातंतूंचा आजार आहे. ती त्याला 'माझा एमएस' म्हणते, जसं कुणी 'माझा धाकटा' म्हणावं. १९९९ साली ती कॅनडात, ऑन्टॅरिओत राहत होती, वय ३२. एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं झालं. दोन वर्षांनी उजवा पाय जड झाला. २०११ मध्ये ती भारतात आली, मानेतल्या शिरांत फुगा घालून त्या रुंद करून घेतल्या आणि परत गेली. तो फुगा दिरांनीच घालावा अशी तिची इच्छा होती. ते नाही म्हणाले. दुसऱ्या शहरातलं एक रुग्णालय हो म्हणालं. पुढे मावशीकडचे सगळे कायमचे पुण्यात आले, मावशी काठीवरून खुर्चीवर आली, पण तो नकार काही म्हातारा झाला नाही.

गेल्या रविवारी कपाट आवरताना त्या वेळच्या तपासणीची सीडी सापडली. ती लावायला घरात आता यंत्रच नाही. मावशीने ती टेबलावर, डॉक्टरकाकांच्या बशीशेजारी, आमंत्रणपत्रिका ठेवावी तशी ठेवली. पुढचं बोलणं मी जमेल तसं उतरवून घेतलं आहे. 'एवढ्या-तेवढ्या' गोष्टी गाळल्या आहेत, टोमणे ठेवले आहेत.

मावशी : भाऊजी, शिरा घ्या. आज मुद्दाम शिराच केलाय.

डॉक्टरकाका : वहिनी, हा विनोद तुम्ही २०११ पासून करताय.

मावशी : तुम्ही २०११ पासून एकच उत्तर देताय म्हणून. आज एक तरी कबूल करा. शिरांची ही कल्पना कुणा वैदूने गावजत्रेत विकायला काढलेली नव्हती.

डॉक्टरकाका : हे मी कधी नाकारलं? १८६३ मध्ये रिंडफ्लाइश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी मेलेल्या रुग्णाच्या मेंदूतले चट्टे तपासले आणि चट्ट्याच्या मधोमध एक बारीक शीर दिसते, असं लिहून ठेवलं. शार्कोने पॅरिसमध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं ते त्यानंतर, १८६८ मध्ये. म्हणजे शीर आधी दिसली, आजाराची ओळख मागून पटली.

मावशी : आणि डॉसन?

डॉक्टरकाका : डॉसनने १९१६ मध्ये एडिंबरामध्ये तेच पाहिलं. शिरांच्या कडेने बोटांसारखे पसरलेले चट्टे. आम्ही अजून एमआरआय वाचताना 'डॉसनची बोटं' म्हणतो. तुमच्या पहिल्या एमआरआयमध्येही होती.

मावशी : बघ गं, हे ते पहिल्यांदा सांगतायत. आणि पुटनम राहिला. त्याने तर १९३०च्या दशकात कुत्र्यांच्या मेंदूतल्या शिरा बंद करून बघितल्या, तसेच काहीसे चट्टे उठले. मग पुढच्या दशकात रुग्णांना रक्त पातळ करायचं औषध दिलं.

डॉक्टरकाका : दिलं, आणि उपयोग झाला नाही. ते वाक्य तुम्ही नेहमी गिळता.

मावशी : कारण पुढचं वाक्य मला जास्त आवडतं. इटलीत फेरारा नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात पावलो झांबोनी नावाचे सर्जन. त्यांचं काम पायांच्या शिरांचं. पायात शिरा फुगतात, रक्त साचतं, त्यातलं लोह बाहेर झिरपतं, कातडी काळी पडते, जखम चिघळते. त्यांच्या बायकोला एमएस झाला. माणूस वाचायला बसला आणि त्याला मेंदूतल्या चट्ट्यांभोवतीही लोह दिसलं. आता तुम्हीच सांगा, ज्याने आयुष्यभर पायाच्या जखमा पाहिल्या त्याला काय सुचणार?

डॉक्टरकाका : तेच. हातात हातोडा असला की... जाऊ दे. कल्पना देखणी होती, मान्य. मोरी तुंबली की पाणी घरात येतं, इतकी साधी. मेंदूतलं रक्त खाली आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा मानेत, जुग्युलर. पाठीच्या कण्याकडचं रक्त वाहणारी ॲझायगस छातीत. त्या कुठे अरुंद असल्या तर रक्त उलटं फिरेल, मेंदूत साचेल, लोह झिरपेल, आणि त्यावर शरीराचीच प्रतिकारशक्ती तुटून पडेल. मोरी उघडा, घर कोरडं. म्हणून त्या उपचाराला त्यांनी नावही 'मुक्ती' असंच दिलं. मला त्या नावाचीच पहिली भीती वाटली होती.

मावशी : तुम्हाला नावाची भीती वाटली. मला त्या नावाने झोप लागली नाही. २१ नोव्हेंबर २००९, शनिवारची रात्र. कॅनडाच्या टीव्हीवर तो माहितीपट लागला. झांबोनी, त्यांची बायको, बरे होऊन चालणारे लोक. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सात फोन आले. सातही एमएसवाल्यांचे.

इथे थोडं सांगायला हवं. एमएसचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत कॅनडा येतो. तिथे प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी एमएसचा रुग्ण सापडतो. त्यामुळे तो माहितीपट म्हणजे घरोघरी पोचलेलं पत्र होतं. काही महिन्यांत रुग्ण संसदेबाहेर फलक घेऊन उभे राहिले, आणि सरकारी खर्चात उपचार मिळत नाही म्हटल्यावर पोलंड, बल्गेरिया, मेक्सिको, कोस्टा रिका असे विमानाने निघाले. काही भारतातही आले. आपल्याकडच्या रुग्णालयांनी त्यांच्यासाठी विमानतळापासून मुक्कामापर्यंतचं सगळं बांधून दिलेलं पॅकेज तयार ठेवलं होतं. माझ्या मावशीचा फरक एवढाच की तिला पॅकेज नको होतं, दीर हवा होता.

डॉक्टरकाका : आता माझं ऐका. २००९चा तो पहिला मोठा लेख. ६५ रुग्ण, आणि तुलनेला २३५ माणसं, काही निरोगी, काही दुसऱ्या आजारांची. मानेची आणि डोक्याची डॉप्लर सोनोग्राफी करायची, पाच खुणा बघायच्या, पाचांपैकी दोन सापडल्या की शिरांचा आजार पक्का. त्यांच्या हिशेबात सगळे रुग्ण एका बाजूला गेले आणि बाकीची माणसं दुसऱ्या बाजूला. इतकी स्वच्छ वाटणी मी मधुमेहात पाहिली नाही, क्षयात पाहिली नाही. मला तेव्हाच खटकलं. खऱ्या रोगाला कडा अशा सुरीने कापल्यासारख्या नसतात.

मावशी : म्हणजे फार चांगला निकाल आला म्हणून तुम्ही संशय घेतला.

डॉक्टरकाका : हो. मुलाला गणितात शंभर, भूगोलात शंभर, चित्रकलेतही शंभर पडले, तर तुम्ही पेढे वाटाल. मी पेपर कोणी तपासला ते विचारेन. आणि वहिनी, मानेची शीर किती लहरी असते हे तुम्हाला मी शंभरदा सांगितलंय. तुम्ही आडव्या असताना ती टम्म असते. उठून बसलात की मिटते, आणि मेंदूतलं रक्त मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून खाली येतं. हा आजार नाही, ही सोय आहे. त्यात तुम्ही पाणी किती प्यायलात, मान कुठे वळवली, श्वास रोखला का, तपासणाऱ्याने प्रोब किती दाबून धरला, या सगळ्यावर चित्र बदलतं. मी एकाच माणसाची शीर सकाळी रुंद आणि दुपारी अरुंद पाहिली आहे.

मावशी : एक शीर अरुंद असेल, पण दोन्ही?

डॉक्टरकाका : ऐका. आपल्याकडे तंबाखू किती खातात. तोंडाचा कॅन्सर झाला की मानेतल्या गाठी काढतात, आणि अनेकदा एका बाजूची जुग्युलर शीर मुळापासून बांधून टाकावी लागते. अरुंद नव्हे, नाहीशीच. अशी किती माणसं मी ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं पाहिली! चेहरा सुजतो, काही दिवसांत उतरतो. त्यांच्यातल्या कुणाला एमएस होताना मी पाहिला नाही. मोरी तुंबल्याने एमएस होत असता, तर कॅन्सरच्या वॉर्डशेजारी आपल्याला एमएसचा वॉर्ड काढावा लागला असता.

मावशी यावर गप्प बसली. हा मुद्दा तिला कायम अडतो. पण ती गप्प बसली की दुसरा दरवाजा शोधत असते.

मावशी : बरं. मग अमेरिकेत बफेलोला काय सापडलं? तिथे ५०० माणसं तपासली.

डॉक्टरकाका : एक कमी, ४९९. आणि ५६ टक्के रुग्णांत त्या खुणा होत्या.

मावशी : बघा!

डॉक्टरकाका : आणि जवळजवळ २३ टक्के धडधाकट माणसांतही. मेंदूच्या दुसऱ्याच आजारांच्या लोकांत ४२ टक्के. मग ती खूण कशाची? ती तर माणूस असल्याची खूण झाली. बर्लिनमध्ये २०१०ला ५६ रुग्ण तपासले, त्यांना काहीच सापडलं नाही. इटलीतच २०१३ला हजाराहून जास्त रुग्ण तपासले. कोण रुग्ण, कोण निरोगी हे मध्यवर्ती ठिकाणी निकाल वाचणाऱ्यांना माहीत नव्हतं. रुग्णांत सव्वातीन टक्के, निरोगी लोकांत दोन टक्क्यांच्या थोडं वर. फेराराचे शंभर टक्के घरच्याच देशात तीन झाले.

मावशी : सोनोग्राफीला तुम्हीच लहरी म्हणता. नळी घालून बघितलेलं सांगा.

डॉक्टरकाका : तेच सांगतो, आणि तुमच्या कॅनडाचं सांगतो. व्हँकुव्हरच्या अँथनी ट्राबुल्सींचा गट, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ला. शिरेत रंग सोडून प्रत्यक्ष फिल्मा काढल्या. रुग्णांच्या, त्यांच्या भावंडांच्या, आणि नात्यात नसलेल्या निरोगी लोकांच्या. निम्म्याहून जास्त अरुंद झालेली शीर रुग्णांत किती? ७४ टक्के.

मावशी : चौऱ्याहत्तर! हे तुम्ही आजवर...

डॉक्टरकाका : भावंडांत ६६. परक्यांत ७०.

मावशी : ...

डॉक्टरकाका : वहिनी, सगळ्यांच्याच शिरा वाकड्या असतात. आपण फक्त आजारी माणसांच्या बघायला गेलो.

चहा आला. मावशीच्या हाताला अलीकडे थोडा कंप असतो, म्हणून तिचा कप अर्धाच भरायचा, असा घरात नियम आहे. डॉक्टरकाकांनी आपलाही कप अर्धाच भरून घेतला. हे ते नेहमी करतात, आणि दोघंही त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

मावशी : ठीक आहे. आकडे तुमचे. आता माझं. फुगा घालून मी टेबलावरून उतरले आणि त्या संध्याकाळी माझे पाय गरम होते. बारा वर्षं बर्फासारखे पाय, भाऊजी. डोक्यातलं धुकं गेलं. परत ऑन्टॅरिओला गेल्यावर मी जिना चढून वरच्या मजल्यावर गेले. माझ्याच घराचा वरचा मजला मी दीड वर्षाने पाहिला. पडदे मुलीने बदलले होते, ते मला माहीतही नव्हतं. तीन महिने. ते तीन महिने कुठल्या लॅन्सेटमध्ये लिहिलेत?

डॉक्टरकाका : लिहिलेत. झांबोनींनीच लिहिलेत.

मावशी : म्हणजे?

डॉक्टरकाका : त्यांनी स्वतः मोठी चाचणी केली. इटलीतल्या वेगवेगळ्या केंद्रांत, ११५ रुग्ण. ७६ जणांना खरा फुगा. ३९ जणांना तीच खोली, तेच टेबल, तीच सुई, तीच नळी, फिल्मही तीच, फक्त फुगा फुगवला नाही. रुग्णाला माहीत नाही, नंतर तपासणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरलाही माहीत नाही. वर्षभराने चालणं, तोल, हाताची कामं, दृष्टी वगैरे मोजून बघितलं. फुगा घातलेल्यांत ४१.७ टक्के सुधारले. नुसतं नाटक केलेल्यांत ४८.७.

मावशी : (हसते) म्हणजे नाटकाचा गुण जास्त!

डॉक्टरकाका : तो फरक हिशेबात धरण्याइतका नाही. दोन्ही सारखेच म्हणायचे. २०१७च्या अखेरीस निकाल छापून आला, आणि झांबोनींनी स्वतःच्या सहीने लिहिलं की हा उपचार एमएसला सुचवता येत नाही. त्याच वर्षी ट्राबुल्सींच्या कॅनडातल्या चाचणीचाही निकाल आला. १०४ रुग्ण, तीच पद्धत, तेच उत्तर.

मावशी : तर मग त्या नाटकवाल्यांतले जवळजवळ निम्मे लोक खोटं बोलत होते?

डॉक्टरकाका : मी असं म्हटलं का कधी?

मावशी : तोंडाने नाही. पण 'प्लासिबो' हा शब्द तुम्ही ज्या आवाजात उच्चारता, त्या आवाजात आमच्या सासूबाई 'नखरे' म्हणायच्या.

(इथे डॉक्टरकाका खरोखर हसले. त्यांच्याच आईची आठवण होती ती.)

डॉक्टरकाका : खोटं नाही, वहिनी. तुमचे पाय गरम झाले असतील. शिरेत नळी गेली, औषधं गेली, पडून राहणं झालं. तीन आठवडे घरातल्या कटकटींपासून लांब होतात. लोक दिवसभर तुमच्यासाठी धावत होते. आणि एमएस हा मुळातच चढउताराचा आजार. माणूस उपचाराला जातो केव्हा? सगळ्यात वाईट दिवसांत. तळाला लागलेला माणूस काहीही केलं तरी बऱ्याच वेळा थोडा वर येतो. त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय जातं. अंगारा असेल तर अंगाऱ्याला, फुगा असेल तर फुग्याला. म्हणून तर नाटकाचा गट ठेवायचा असतो. तुमचं बरं वाटणं खरं होतं. ते फुग्यामुळे होतं का, एवढाच प्रश्न होता.

मावशी : एवढाच प्रश्न होता, तर उत्तर द्यायला आठ वर्षं का लागली? २००९ला प्रश्न, २०१७ला उत्तर. तुमच्यासाठी आठ वर्षं म्हणजे दोन परिषदा आणि एक निवृत्ती. माझ्यासाठी काठी ते खुर्ची. २०१०च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या तज्ज्ञांनी सांगितलं की इतक्यात चाचणी करायची गरज नाही. गरज नाही! हजारो लोक कर्ज काढून परदेशी जातायत आणि यांना गरज वाटत नाही. पुढच्या वर्षी सरकारने पलटी खाल्ली आणि चाचणी करू म्हणालं. तोवर जाणारे जाऊन आले होते. आणि आलेल्यांना कुणी हात लावेना. 'बाहेर करून आलात ना, तिकडेच विचारा.' ऑन्टॅरिओतला एक तरुण मुलगा कोस्टा रिकात शिरेत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवून आला. त्यात गुठळी झाली, म्हणून पुन्हा तिकडेच जावं लागलं. तिथेच गेला. त्याच्या वयाचा माझा भाचा आहे.

माझं मत विचाराल तर या एका मुद्द्यावर मावशीचं पारडं जड आहे. शिरांचा सिद्धांत चुकीचा निघाला म्हणून तेव्हा नाक मुरडणारे बरोबर होते, असं होत नाही. न तपासता म्हटलेलं 'नाही' नंतर खरं ठरलं तरी ते न तपासताच म्हटलेलं असतं. रुग्णांना हवी होती ती चाचणीच. ती लवकर मिळाली असती तर विमानाची कितीतरी तिकिटं वाचली असती.

डॉक्टरकाका : स्टेंटचं मी तुम्हाला फोनवर बोललो होतो. आठवतं?

मावशी : आठवतं. तुम्ही निमुळती-रुंद असं काहीतरी करत होतात.

डॉक्टरकाका : काहीतरी नव्हे. रोहिणी पुढेपुढे निमुळती होत जाते. हृदयाच्या रोहिणीत बसवलेला स्टेंट म्हणून अडकून राहतो, कारण पुढे जागाच कमी. शिरेचं उलट. ती हृदयाकडे जाताना रुंद होत जाते. स्टेंट सुटला तर थेट हृदयात. अमेरिकेत एका रुग्णाच्या बाबतीत हेच झालं, छाती उघडून तो काढावा लागला. २०१२च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उघड इशारा दिला. मृत्यू, पक्षाघात, सरकलेले स्टेंट, फाटलेल्या शिरा, गुठळ्या. पण मी तुम्हाला नाही म्हटलं ते २०११ला, इशाऱ्याच्या आधी. तेव्हा माझ्याकडे आकडे नव्हते. फक्त हात होते, आणि ते नाही म्हणाले.

मावशी : मला नुसता फुगा घातला. स्टेंट नाही.

डॉक्टरकाका : नशीब. पण खरं नुकसान फुग्याने केलं नाहीच. सांगू?

मावशी : सांगू नका. मीच सांगते. मी इंजेक्शनं बंद केली.

हे मला नवीन होतं. मावशीने कपातला चहा संपवला आणि खिडकीकडे बघत बोलली.

मावशी : इंटरफेरॉन. एक दिवसाआड टोचायचं, दर वेळी अंगात ताप भरायचा, दहा वर्षं. मला वाटलं, शीर मोकळी झाली तर आता हे कशाला? कुणी बंद कर म्हणालं नव्हतं. मीच. मार्चमध्ये मोठा अटॅक आला. दोन्ही पाय. त्यानंतर पाय परत नीट आले नाहीत.

डॉक्टरकाका : ते इंजेक्शन बंद केलं नसतंत तरी तो आला असता कदाचित.

मावशी : हे तुम्ही माझ्यावर दया म्हणून बोलताय, की डॉक्टर म्हणून?

डॉक्टरकाका : डॉक्टर म्हणून. इंटरफेरॉन अटॅक थांबवत नाही, कमी करतं. १९९३ला आलं तेव्हा तेवढंच होतं आमच्याकडे. हे आज झालं असतं तर गोष्ट वेगळी असती. आजची काही औषधं थेट प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींवर जातात. त्यातलं एक तर हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारालाही चालतं, २०१७ला मंजूर झालं. बघा, शिरांच्या चाचण्यांचा निकाल आला तेच वर्ष.

मावशी : आता माझं पान बघा. (मांडीवरच्या टॅबवर बोट ठेवते.) २०२४चे निदानाचे नवे निकष. मॅकडॉनल्ड निकष म्हणता ना तुम्ही? त्यात काय लिहिलंय? चट्ट्याच्या मधोमध शीर दिसली तर ती एमएसच्या निदानाला पुरावा म्हणून धरता येईल. मधोमध शीर! दीडशे वर्षांपूर्वीचा रिंडफ्लाइश, मधे सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला, आता तुमच्याच निकषांत बसलाय.

डॉक्टरकाका : बसलाय, आणि मला त्याचा आनंद आहे. अर्धशिशीचेही चट्टे असतात, बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचेही असतात, पण त्यांच्या मधोमध शीर सहसा नसते. एमएसमध्ये असते. खूण उत्तमच आहे. पण वहिनी, कोणती शीर? मानेतली मोठी नव्हे. मेंदूच्या आतली, केसापेक्षा बारीक. आणि ती तुंबलेली नाही. ती दार आहे. रक्तात फिरणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी तिच्या भिंतीतून आत शिरतात आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण खरवडतात. म्हणून चट्टा तिच्याभोवती वाढतो. झांबोनींनी मोरी बघितली. मोरीतून पाणी आलं नाही, चोर आला.

मावशी : चोर पाठवला कोणी?

डॉक्टरकाका : त्याचंही उत्तर हळूहळू येतंय. २०२२च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेच्या लष्करातल्या लोकांवरचा अभ्यास आला. एक कोटीहून जास्त सैनिकांच्या साठवलेल्या रक्ताच्या नोंदी. त्यात एमएस झालेले ८०१ जण. त्यातले ८०० जण आजारापूर्वी एपस्टाइन-बार विषाणूने बाधित झालेले. तो विषाणू लागला की एमएसचा धोका ३२ पट.

मावशी : आणि तो विषाणू किती जणांना होतो?

डॉक्टरकाका : जवळजवळ सगळ्यांना. शंभरातल्या पंचाण्णवांना.

मावशी : मग शंभरातल्या पंचाण्णवांना एमएस का नाही? माझ्या शिरेला तुम्ही हाच प्रश्न विचारला होतात. सगळ्यांच्याच वाकड्या असतात ना?

डॉक्टरकाकांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता ते रागावणार. पण त्यांचा चेहरा आवडता विद्यार्थी अडवतो तेव्हा मास्तरांचा होतो तसा झाला.

डॉक्टरकाका : बरोबर. विषाणू पुरेसा नाही. पण तो लागला नसेल तर एमएस जवळजवळ होतच नाही. शिरेचं तसं नाही. शीर सरळ असलेल्यांनाही एमएस होतो. हा फरक मोठा आहे. बाकी घराणं आहे, ऊन आहे, धूम्रपान आहे. बायकांना पुरुषांहून दुप्पट-तिप्पट का, ते आहे. मी शिकत होतो तेव्हा एमएस म्हणजे गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं शिकवायचे. मग मुंबईत जसलोकच्या नोशीर वाडियांनी दाखवलं की पारशी समाजात तो चांगलाच आहे. १९९०ची गोष्ट. तोवर किती पारशी बायकांना 'नसांची अशक्तता' म्हणून टॉनिकं दिली असतील, देव जाणे.

मावशी : म्हणजे तुमच्या लोकांना आधी खात्री असते आणि मग आजार दिसतो.

डॉक्टरकाका : कधीकधी. झांबोनींच्या बाबतीतही तेच झालं ना? फरक एवढाच की त्यांनी स्वतःच्या खात्रीला नाटकाचा गट लावला, आणि हरले, आणि छापलं. मला त्या माणसाबद्दल आता पहिल्यापेक्षा जास्त आदर आहे. बायको आजारी असताना हे करणं...

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मग सीडी उचलून उजेडात धरली, जणू काही तशी वाचता येईल.

डॉक्टरकाका : यात काय दिसलं होतं तुम्हाला?

मावशी : डावी जुग्युलर साठ टक्के अरुंद. खाली उलटा प्रवाह. रिपोर्ट पाठ आहे मला.

डॉक्टरकाका : हं. वहिनी, एक सांगायचं राहिलंय. तुमचा फोन आला त्या आठवड्यात मी संध्याकाळी ओपीडी संपल्यावर टेबलावर आडवा झालो आणि आमच्या मुलीला, म्हणजे असिस्टंट डॉक्टरला, म्हटलं, माझी मान बघ. त्या पाच खुणा लिहून दिल्या तिला. दोन निघाल्या. डाव्या बाजूला अरुंद, आणि उलटा प्रवाह.

मावशी : तुम्हाला?

डॉक्टरकाका : मला. फेराराच्या हिशेबाने मला एमएस. मी त्या दिवशी सकाळी पर्वती चढून आलो होतो.

मावशी : मग तेव्हा का नाही सांगितलंत? चौदा वर्षं तुम्ही मला रंग, नळ्या, टक्के सांगताय. ही एक गोष्ट सांगितली असतीत तर कदाचित मी गेले नसते.

डॉक्टरकाका : सांगणार होतो. फोन केला तर तुम्ही पोचला होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरली होती. ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसाला काय सांगायचं?

मावशीने बराच वेळ त्यांच्या मानेकडे पाहिलं, डाव्या बाजूला. मग शिऱ्याची बशी त्यांच्याकडे सरकवली.

मावशी : अजून घ्या. आणि मग मला आत न्या, पाठ दुखायला लागली. उजवा पाय आधी उचला हं, मागच्या वेळी डावा उचललात.